विद्यापीठाचे चार कप्पे आणि एक नदी

२०२३ च्या हिवाळी अधिवेशनात विधान परिषदेत संशोधक विद्यार्थ्यांच्या फेलोशिपचा विषय निघाला आणि सरकारातल्या एका ज्येष्ठ मंत्र्यांच्या तोंडून वाक्य निसटलं: पीएचडी करून काय दिवे लावणार? पुढचे काही दिवस व्हायचं ते सगळं झालं. निषेध झाले, मीम निघाली, सारवासारव झाली. मला मात्र त्या प्रश्नापेक्षा त्याला मिळालेली उत्तरं जास्त बोचली. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक उत्तरांत लस होती, उपग्रह होता, कॅन्सरवरचं औषध होतं. बारा बलुतेदारांच्या कर्जावर, पालिका शाळेतल्या भागाकारावर किंवा वगनाट्यावर पीएचडी करणाऱ्याची बाजू घ्यायला जवळपास कोणी आलं नाही. वास्तविक ज्यांच्या फेलोशिपवरून वाद पेटला होता, त्यांच्यात मराठी, इतिहास, वाणिज्य, शिक्षणशास्त्र घेतलेले कितीतरी होते. म्हणजे टीका करणारे आणि बचाव करणारे यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. खरं संशोधन प्रयोगशाळेत होतं, बाकी सगळी पदोन्नतीची सोय.

मुंबईपुरतं बोलायचं तर हे धडधडीत खोटं आहे. या शहरात टिकलेलं, जगाने दखल घेतलेलं बरंचसं काम विद्याशाखांच्या कुंपणावर झालं आहे. आपण मात्र विद्यापीठाची रुंदी मोजतो ती विभागांच्या संख्येवरून. प्रॉस्पेक्टस उघडा, विज्ञान आहे, वाणिज्य आहे, शिक्षणशास्त्र आहे, कला आहेत, झाली रुंदी. माझ्या मते एका प्रश्नाभोवती यांतले किती जण खरोखर एकत्र बसतात, तेवढीच ती रुंदी. त्या हिशेबाने आपलं विद्यापीठ फार अरुंद आहे, आणि हे दुर्लक्षामुळे झालेलं नाही. नियमांनी ते तसं बांधलं आहे.

नियमांचंच आधी बघू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ ने राज्यातल्या विद्यापीठांना चार विद्याशाखा दिल्या. विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान, आणि चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यास. चौथीचं नाव ऐकून वाटेल की इथे भौतिकशास्त्रवाला आणि इतिहासवाला एका टेबलावर बसत असतील. तिथे बसवलेत कोण, तर शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ललित कला, प्रयोगजीवी कला, गृहविज्ञान, ग्रंथालयशास्त्र, समाजकार्य, पत्रकारिता. पहिल्या तीन कप्प्यांत जे मावले नाहीत ते. मुलांना कसं शिकवावं याचा अभ्यास आणि तमाशाचा अभ्यास यांना एकत्र आणणारा धागा एवढाच की दोघांचं काय करायचं हे कोणाला सुचलं नाही.

कप्पे काय करतात ते मी जवळून पाहिलं आहे. राज्यात २००६ पासून ‘आविष्कार’ ही विद्यार्थी संशोधकांची स्पर्धा भरते. कल्पना छान आहे. बी.ए., बी.कॉम.च्या पोरांनाही संशोधन करता येतं, हे तिने दाखवून दिलं. स्पर्धेचे सहा गट असतात: मानव्यविद्या-भाषा-ललित कला; वाणिज्य-व्यवस्थापन-विधी; मूलभूत विज्ञान; कृषी व पशुसंवर्धन; अभियांत्रिकी व तंत्रज्ञान; वैद्यक व औषधनिर्माण. मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे खालच्या फेऱ्यांना परीक्षक म्हणून अधूनमधून बोलावणं येतं. अशाच एका फेरीत जेवणाच्या सुट्टीत मी दुसऱ्या गटांची पोस्टरं बघत फिरत होतो. खारदांड्याची एक मुलगी, रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाची, सुकवलेल्या बोंबलातल्या ओलाव्यावर काम करून आली होती. घरचेच बोंबील. अर्धे नेहमीसारखे, जोडीजोडीने जबड्यात जबडा अडकवून बांबूवर टांगलेले. अर्धे पारदर्शक कागद लावलेल्या लाकडी पेटीत वाळवलेले. ठरावीक तासांनी वजन, मग कॉलेजच्या ओव्हनमध्ये उरलेला ओलावा, बुरशीची नोंद. काम नेटकं होतं. पेटीतला माल सरस ठरला होता.

पण फाइलच्या शेवटी दोन पानं स्टेपल केलेली होती, पोस्टरवर ज्यांचा मागमूस नव्हता. आईने हंगामभर कोणत्या दिवशी कोणत्या भावाने माल दिला, व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असताना भाव किती पडला, अवकाळी पावसात किती माल गेला, याचा वहीत ठेवलेला हिशेब. त्या दोन पानांत पोस्टरने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं. पेटीतला बोंबील इतका चांगला, तर आई पेटी का वापरत नाही? कारण चांगल्या मालाचे चार पैसे जास्त तिच्या हाती येतच नव्हते. उचल ज्याची, भाव त्याचा. मी विचारलं, “हे का नाही लावलंस?” ती म्हणाली, “सर म्हणाले, मूलभूत विज्ञानात हे बसत नाही, मार्क जातील.” सर बरोबरच बोलले होते. परीक्षकाच्या गुणपत्रिकेत त्या दोन पानांसाठी रकाना नव्हता. वाणिज्याच्या गटात ती गेली असती तर बुरशीची पानं काढावी लागली असती.

आता जरा मागे जाऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पण पहिली कित्येक दशकं ते फक्त परीक्षा घ्यायचं आणि पदव्या वाटायचं. त्या वेळच्या लंडन विद्यापीठाचाच तो नमुना. शिकवायचं महाविद्यालयांनी, संशोधन ज्याचं त्याने हौसेने. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण पदवीपलीकडे त्यांना देण्यासारखं विद्यापीठाकडे तेव्हा फारसं नव्हतं. स्वतःचा विभाग काढून संशोधन करण्याची सुरुवात व्हायला १९१९ उजाडलं. समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि त्यावर आणले पॅट्रिक गेडिस. हा माणूस मुळात जीवशास्त्राचा, नाव कमावलं नगररचनेत, आणि मुंबईत प्राध्यापक झाला समाजशास्त्राचा. त्यांच्यामागून १९२४ मध्ये विभागाची सूत्रं घेणारे गोविंद सदाशिव घुर्ये मालवणचे, मूळचे संस्कृतचे. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई हे त्यांचे विद्यार्थी. आजच्या पात्रतेच्या नियमांनी गेडिस आणि घुर्ये दोघेही छाननीत बाद झाले असते. ‘संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी’ या ओळीपाशीच.

कोसंबींवर थोडं थांबायला हवं. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी त्यांना सुरुवातीलाच बोलावून घेतलं, आणि पुढे वर्षानुवर्षं ते डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला येत-जात राहिले. त्याआधी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असतानाच त्यांनी एक उद्योग आरंभला होता. आहत नाणी, म्हणजे ठसे उमटवलेली प्राचीन चांदीची नाणी, तराजूत घालून एकेक करून तोलायची. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. जितकं जास्त फिरलं तितकं सरासरी वजन कमी, आणि वजनांमधली तफावत जास्त. मग एखाद्या हंड्यात सापडलेल्या नाण्यांच्या वजनांवरून कोणती आधीची, कोणती नंतरची, हे संख्याशास्त्राने सांगता येईल. झीज कशी होते हे ताडून बघायला त्यांनी चलनातली साधी नाणीही तोलली. नाण्यांवरचे ठसे कोणाचे, हे कळावं म्हणून प्राचीन ग्रंथांत शिरले, आणि अखेर भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यापर्यंत पोचले. मधल्या काळात, १९४४ मध्ये, गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढण्याचं एक सूत्र त्यांनी मांडलं. पिकांच्या वाणांवर काम करणारे आजही ते ‘कोसंबी फंक्शन’ वापरतात.

या कथेचा पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. १९६२ मध्ये संस्थेने कोसंबींचा करार पुढे चालू ठेवला नाही. कारणं अनेक सांगितली जातात. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा त्यांचा आग्रह हे त्यातलं एक. दुसरं गणितातलंच. रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता मिळाल्याचा दावा त्यांनी कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात केला, आणि तो टिकला नाही. म्हणजे रुंदीने माणूस चुकायचा थांबत नाही. ज्या संस्थेच्या प्रवेशदालनात हुसेनचं भलंमोठं भित्तिचित्र आहे, जिचा संस्थापक स्वतः चित्रं काढायचा, तिलाही असा माणूस कायम पचला नाही. मला यातून निघणारा बोध असा, की अशा माणसांना संस्थेच्या मर्जीवर सोडून भागत नाही, नियमात त्यांना जागा हवी.

कमला सोहोनी याच पठडीतल्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. बंगळूरला सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला, तो त्यांनी हट्टाने मिळवला. केंब्रिजची पीएचडी घेऊन आल्या आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना घेऊन नीरेतली पोषणमूल्यं तपासत बसल्या, आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना ती उपयोगी पडेल का, म्हणून. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. नंतर त्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत रमल्या, अन्नातली भेसळ हा विषय घेऊन. जीवरसायनशास्त्र बाजारात कुठे उपयोगी पडतं, हे दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला त्यांच्याइतकं चांगलं कोणी समजावलं नसेल.

याच काळात विद्यापीठाने आणखी एक शहाणपणा केला होता. १९३३ मध्ये स्वतःचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग काढला. समोर कापडगिरण्यांचं शहर, म्हणून कापडाचं रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. रंगांच्या रसायनातले के. वेंकटरामन इथले, आणि रॉयल सोसायटीचे सदस्य झालेले रासायनिक अभियंते एम. एम. शर्माही इथलेच. माटुंग्याच्या त्या विभागातून शास्त्रज्ञ निघाले तसे कारखानदारही निघाले. विज्ञान आणि धंदा यांची सोयरीक कशी असावी, हे बघायला परदेशी जायची गरज नव्हती. २००८ मध्ये तो विभाग अभिमत विद्यापीठ झाला आणि मूळ घरातून बाहेर पडला. त्याच्या दृष्टीने योग्यच झालं असेल. मुंबई विद्यापीठाच्या दृष्टीने मात्र घरातला सगळ्यात कर्ता वेगळा राहायला गेला.

मुंबईत रुंदी नाही असं नाहीच. फक्त ती वेगवेगळ्या फाटकांच्या आत आहे. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था, तिच्या अगदी जवळ लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था, जी देशाचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. पुढे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. शेजारी अणुशक्तिनगर. एवढ्या टापूत समाज, लोकसंख्या, शिक्षण आणि अणुविज्ञान, आणि मधोमध एम पूर्व वॉर्ड, जिथलं आयुष्य शहरात सगळ्यात खडतर म्हणून गणलं जातं. २०११ मध्ये समाजविज्ञान संस्थेने पंचाहत्तरीच्या निमित्ताने त्या वॉर्डासाठी खास प्रकल्प हाती घेतला, हे चांगलं. पण या सगळ्या संस्थांचा मिळून एक प्रश्न, एक अर्ज, एक निधी असं काही मी ऐकलेलं नाही.

आता मिठी नदी घ्या. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन ती निघते. म्हणजे आयआयटीच्या दारातून. साकीनाका, कुर्ला करत कालिन्याजवळून, म्हणजे विद्यापीठाच्या आवाराच्या शेजारून जाते, वांद्रे-कुर्ला संकुलाला वळसा घालते आणि माहीमच्या खाडीत उतरते. शहरातली दोन मोठी विद्यास्थानं एका नाल्याने, माफ करा, एका नदीने जोडलेली आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. हा फरक का पडला, हे हवामानशास्त्राने सांगायचं. जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती आणि १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता दुप्पट करायला सांगितलं होतं, हा स्थापत्याचा भाग. ते बारा वर्षांत का झालं नाही, हे राज्यशास्त्राने सांगावं.

इथपर्यंत सगळ्यांना मान्य असतं. पुढची यादी ऐकून लोक हसतात. २०२५ मध्ये मिठीतला गाळ काढण्याच्या कामात ६५ कोटींच्या कथित गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदवला गेला. गाळ किती काढला, कुठे टाकला, वजनकाट्याच्या पावतीवर काय लिहिलं, हे तपासायचं शास्त्र लेखापरीक्षणाचं आहे, वाणिज्य शाखेचं. नदीतल्या गाळाचं हिशेबशास्त्र या विषयावर एखाद्या बी.कॉम.च्या मुलीने आणि भूगोलाच्या मुलाने मिळून काम केलं तर पालिकेला त्याचा उपयोग होईल, आणि कदाचित म्हणूनच तसं काम करायला डेटा मिळणार नाही. कुर्ल्याच्या क्रांतिनगरमधल्या बाईला मोबाइलवर ‘ऑरेंज अलर्ट’ येतो. त्याचा अर्थ घर सोडायचं की भांडी वर ठेवायची? पालिकेच्या शाळेत जायचं, तर तिथे बायकांच्या संडासाची सोय आहे का? कागदपत्रांची पिशवी कुठे ठेवायची? हा भाषेचा, शिक्षणशास्त्राचा आणि स्त्री-अभ्यासाचा प्रश्न आहे, आणि पाण्याची पातळी सेंटिमीटरमध्ये सांगणारं सर्वोत्तम मॉडेल हातात असूनही बाई घर सोडायला उशीर करते त्याचं उत्तर तिथे दडलेलं आहे. स्त्री-अभ्यासाचं देशातलं पहिलं संशोधन केंद्र १९७४ मध्ये नीराबेन देसाईंनी एसएनडीटीत सुरू केलं होतं. ते याच शहरात. मिठी ज्या बेटावरून वाहते त्या साष्टीतल्या मराठी अंमलातल्या जमिनींचे कागद वाचायचे तर मोडी हवी, आणि मोडी वाचणारा इतिहासाचा विद्यार्थी आज शोधून आणावा लागतो.

शिक्षणशास्त्राबद्दल मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण त्याच्याकडे सगळ्यात चांगलं उदाहरण असून ते तिकडे बघत नाही. विज्ञान शिक्षण केंद्राचे पहिले संचालक व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालिका शाळांतल्या दलित वस्त्यांमधल्या मुलांबरोबर काम केलं. मुलं विज्ञानात मागे का, याचं एक मोठं कारण त्यांना सापडलं: पुस्तकातली भाषा. विज्ञान तेच ठेवून संस्कृतप्रचुर, लांबलचक वाक्यं सोपी केली की मुलं पुढे सरकतात. हे त्यांनी शाळेत जाऊन, मुलांना शिकवून, तपासून दाखवलं. याच्या शेजारी आपल्या शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांची शीर्षकं ठेवा. ‘अमुक जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षकांच्या तमुक विषयक अभिवृत्तीचा चिकित्सक अभ्यास.’ जिल्हा बदलायचा, अभिवृत्ती बदलायची, प्रबंध तयार. वाणिज्यात ‘ग्राहक समाधान : विशेष संदर्भ ठाणे’. गुगल फॉर्म, पाच पर्यायांची प्रश्नावली, काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्रीय चाचणी, निष्कर्ष : ग्राहक बऱ्यापैकी समाधानी आहेत. मंत्र्यांच्या प्रश्नात तथ्य होतं ते एवढंच, आणि ते आम्ही मास्तर मंडळींनी मान्य करायला हवं.

वाणिज्यातला एक नमुना तर मुंबईकरांनी मनाला लावून घ्यावा असा. डबेवाल्यांवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये केस स्टडी केली. आमच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत ती शिकवली जाते, आणि सोबत डबेवाल्यांना सिक्स सिग्माचं, म्हणजे कामातल्या चुका जवळपास शून्यावर आणल्याचं, प्रमाणपत्र मिळाल्याची कथाही. तसं प्रमाणपत्र कोणी दिलेलं नाही. १९९८ मधल्या फोर्ब्जच्या एका लेखातून ती कथा पसरली. ज्या शहरात डबे पोचतात त्या शहरातल्या वाणिज्य विभागांनी ती पंधरा-वीस वर्षं न तपासता पुढे दिली. टाळेबंदीत धंदा बसल्यावर मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावची ही माणसं कुठे गेली, कोण रिक्षावर बसलं, कोणी शेत कसलं, संघटनेत आतून एकमेकांना कसं धरून ठेवलं, याचं काम करायला पुण्याच्या एसटीचं तिकीट पुरे होतं. पण त्यासाठी वाणिज्याच्या माणसाला गावात जाऊन चार दिवस राहायला शिकवावं लागतं. ते समाजशास्त्रवाले शिकवतात, आणि ते दुसऱ्या मजल्यावर बसतात.

हे असं का होतं, तर मोजणीमुळे. राष्ट्रीय क्रमवारीत संशोधनाला शंभरात तीस टक्के वजन आहे आणि ते मोजलं जातं मुख्यतः स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या आंतरराष्ट्रीय सूचींमधल्या नोंदींवरून. मराठीतल्या नियतकालिकात चार वर्षं खपून लिहिलेला लेख तिथे दिसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये शिक्षकांच्या बढतीला गुणांची मोजपट्टी लावली. तिच्यामागून पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. आयोगाला स्वतःच्याच मान्य यादीतून २०१८ मध्ये एका फटक्यात ४,३०५ नियतकालिकं काढावी लागली. मग ‘केअर’ यादी आली, मग २०२५ मध्ये तीही गेली. शिक्षक प्रत्येक वेळी नव्या यादीकडे धावतो. त्याला दोष कसा द्यायचा? दोन विद्याशाखांत मिळून काम केलं तर गुण विभागले जातात, लेख दोन्हीकडच्या तज्ज्ञांना अर्धवट वाटतो आणि पीएचडीचे विषय मंजूर करणाऱ्या समितीच्या, आरआरसीच्या, बैठकीत पहिला प्रश्न येतो, “हे आपल्या विषयात येतं का?”

पैशाचंही तसंच. देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. आधीच थोडकं. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभं राहिलं, पाच वर्षांत ५०,००० कोटींचा आराखडा, त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यावा अशी अपेक्षा. कायद्यात नैसर्गिक विज्ञान, अभियांत्रिकी, पर्यावरण, आरोग्य, शेती हे सगळं सरळ आहे. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रं आहेत ती विज्ञान-तंत्रज्ञानाशी जिथे त्यांचा सांधा जुळतो तेवढ्यापुरती. एका अर्थी माझ्याच बाजूचं कलम. पण त्याची दिशा एकतर्फी आहे. इतिहासवाल्याने विज्ञानाच्या दारात जायचं, विज्ञानवाल्याने इतिहासाच्या दारात यायची सक्ती नाही. डॉ. आंबेडकरांनी १९१८ मध्ये सिडनहॅममध्ये राज्यअर्थशास्त्र शिकवायला सुरुवात केली, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर लंडनची डी.एस्सी. मिळवली, आणि जातिसंस्थेवर त्यांचा शोधनिबंध त्याआधी कोलंबियात वाचून झाला होता. या तिन्हींतलं कोणतं काम त्या कलमात बसलं असतं, हे मला तरी सांगता येत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. सगळ्यातलं थोडं थोडं करणाऱ्याला धड काहीच येत नाही. आधी एका विषयात खोल जा. मान्य. कोसंबी आधी पक्के गणिती होते म्हणून नाण्यांतून काही निघालं. आर. के. जोशींना सुलेखन हाडीमासी मुरलं होतं. ते आयआयटीच्या औद्योगिक रचना केंद्रात शिकवायला गेले, पुढे जुहूच्या सॉफ्टवेअर केंद्रात बसून त्यांनी संगणकासाठी देवनागरी अक्षरं घडवली, आणि त्यातला ‘मंगल’ विंडोजमधून घरोघरी पोचला. अक्षराचं वळण कळत नसलेल्या प्रोग्रामरला ते जमलं नसतं, आणि संगणकाची अडचण न समजलेल्या चित्रकारालाही नाही. २०१० मध्ये रुपयाला मिळालेलं चिन्ह ज्यांचं, त्या उदय कुमार यांची पीएचडीही त्याच केंद्रातली, तमिळ अक्षररचनेवरची. म्हणून मी विषय मोडून खिचडी करा असं म्हणत नाही. पीएचडी एका विषयातच असू द्या. प्रश्नाने दुसऱ्या विषयाचा हात मागितला तर तो मिळावा, एवढंच.

नियमात त्याची सोय आहेसुद्धा. २०२२ च्या पीएचडी विनियमात दुसऱ्या विभागातला, दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक चालतो. त्याला श्रेय आणि कामाचे तास मुख्य मार्गदर्शकाइतके मोजले तर तो मिळेल; आज कोणी फुकट मान देत नाही. मराठीतलं संशोधन मोजायचं तर त्यासाठी विद्यापीठाने स्वतःच तज्ज्ञांकडून वाचून घ्यावं. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाल्यानंतर सत्कार पुष्कळ झाले, मराठीत लिहिलेल्या प्रबंधाचं अर्थशास्त्रात किंवा रसायनशास्त्रात काय करायचं हे कोणी ठरवलेलं नाही. आणि पालिका. २०२५-२६ चा तिचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. तिने शहराच्या प्रश्नांसाठी अगदी छोटी रक्कम बाजूला काढावी आणि अट एकच घालावी, अर्जावर दोन वेगळ्या विद्याशाखांच्या सह्या हव्यात. गाळ, अलर्ट, शाळा, मासळी बाजार, जे काय असेल ते.

घाई यासाठी की नव्या शैक्षणिक धोरणाचं घड्याळ चालू झालं आहे. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ ला पहिल्या वर्षाला बसलेली मुलं २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला येतील. त्यातल्या ज्यांना पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील, त्यांना संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येईल. म्हणजे एकविसाव्या वर्षी प्रबंधिका, ती सुद्धा वसई, कल्याण, पनवेलच्या कॉलेजांत, जिथे एखाद्या विषयाला मान्यताप्राप्त मार्गदर्शक एकच असतो किंवा नसतोच. अशा ठिकाणी शेजारच्या विभागातल्या बाईंना मार्गदर्शन करता येईल का, हा प्रश्न वैचारिक उरत नाही, वेळापत्रकाचा होतो. विद्यापीठाने याबद्दलचं परिपत्रक आत्ताच काढावं. चौथं वर्ष सुरू झाल्यावर काढलेल्या परिपत्रकावर कॉलेजं काय करतात, ते ‘ओपन इलेक्टिव्ह’च्या, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा विषय निवडण्याच्या सोयीच्या, वेळी आपण पाहिलं आहे: ज्या शिक्षकाचे तास कमी पडत होते, त्याचा विषय मुलांनी निवडला.